शिवेपलीकडचं दूध

बोरजाईवाडी, ता. आटपाडी
१२ सप्टेंबर २०२२

प्रिय अंजू,

परवा फोन लावला होता. माझा आवाज ऐकलास आणि ठेवून दिलास. मला वाईट नाही वाटलं. निदान तुझा श्वास तरी कानावर आला. म्हणून आता पत्र लिहिते. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड.

तासगावला तुझं बरं चाललंय असं कानावर येतं. बेदाण्याच्या शेडवर तुझ्या हाताखाली पाच-सहा बायका आहेत म्हणे. तुझी रेश्मा मिरजेला नर्स झाली, हेही कळलं. तिला मी शेवटचं पाहिलं तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते.

पत्र तिच्या हाती पडलं तर तिलाही कळावं म्हणून थोडं मागचं लिहिते. तू तिला सांगितलं असशील की नाही, कोण जाणे. रेश्मा, आपल्या गावात दूध विकत नाहीत. फार मागे मोठा दुष्काळ पडला होता. तेव्हा भैरोबाच्या एका गाईच्या दुधावर गावातली लेकरं जगली. जाणत्यांनी देवाला शब्द दिला, की या शिवेच्या आत दुधाचा सौदा होणार नाही. ज्याच्याकडे आहे त्यानं नसलेल्याला द्यावं. बाळंतिणीला, आजाऱ्याला, लेकुरवाळीला. मी लग्न होऊन आले तेव्हा सकाळी पाच घरांचे तांबे आपल्या ओसरीवर ओळीनं असायचे. पाचगणीच्या शाळेत बाटलीतलं दूध प्यायलेली मी, मला ते तांबे बघून फार नवल वाटायचं.

आता गावात गुरांना लम्पी आलाय. भाऊसोच्या जर्सीला आधी गाठी आल्या, मग पायाला सूज, मग ती उठलीच नाही. आता वाड्यावस्त्या धरून बरीच जनावरं पडली आहेत. कृष्णातच्या खिलारी जोडीतला एक बैल गेला. दुसरा वैरणीला तोंड लावत नाही. तू गौरीला आमच्या दावणीला सोडून गेलीस ना, तिची नात हरणी. ती ठीक आहे.

लोक घाबरलेत. देवाचा कोप झालाय म्हणतात. देवळात गाव बसलं होतं. सगळ्यांचं म्हणणं पडलं, की तू घटस्थापनेला यावंस आणि भैरोबाच्या पाया पडून जावंस. बाकी काही नाही. ह्यांनीच मला लिहायला सांगितलं. तू माझं ऐकशील म्हणाले.

येशील का गं? तुला बघून किती वर्षं झाली.

तुझी आक्का


बोरजाईवाडी
१७ सप्टेंबर

प्रिय अंजू,

तुझं कार्ड आलं. दोनच ओळी. ‘नुसतं पाया पडायला एवढ्या वर्षांनी कुणी बोलवत नाही. आक्का, खरं लिहा.’ अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे कललेलं.

शाळेत दर रविवारी आम्हाला घरी पत्र लिहायला बसवायचे. सिस्टर ती वाचायच्या आणि मगच पाकीट बंद व्हायचं. अंगात ताप असला तरी आम्ही ‘मी खुशाल आहे’ असंच लिहायचो. आता माझं पत्र वाचायला कुणी नाही, पण हात त्याच वळणानं जातो. आज तसं नाही करणार.

हरणी ठीक नाही. पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आधीच तिच्या मानेवर गाठी आल्या होत्या. आता अंगभर आहेत. मी कडुलिंबाचा पाला उकळून तिला पुसते. डोळ्यांतून पाणी गळतं आणि ती माझ्याकडेच बघत राहते.

दुसरं. तुला नुसतं पाया पडायला बोलावलेलं नाही. पहाटे शिवेच्या धोंड्यावर दूध ओतायचं, मग तोंडात गवत धरायचं आणि अनवाणी देवळापर्यंत चालत यायचं. मान खाली, तोंडातून शब्द नाही. दोन्ही बाजूंना गाव उभं राहणार. ज्यानं पहिल्यांदा देवाचा शब्द मोडला त्यानं गाय होऊन देवाला शरण यावं, असं ठरलंय. आणि पहिल्यांदा मोडणारी म्हणून तुझं नाव घेतलंय.

तुला ते दिवस सांगायला नकोत. इंद्रजितभावजी सीमेवरून परत आले ते तिरंग्यात. रेश्मा पाच वर्षांची. तू गौरीचं दूध भर दिवसा सायकलला लावून डेअरीला न्यायला लागलीस. गाव तुटून पडलं. ह्यांनी तुला देवळासमोर उभं केलं. तू म्हणालीस, ‘दादा, मी विकते ते दिसतं तरी. उद्या जे लपवून विकतील त्यांचं काय करणार?’ मला ते अजून ऐकू येतं. रेश्माला घेऊन तू गाव सोडलंस, तेव्हा मी तुझ्यासमोरून गेले आणि ओळखही दाखवली नाही.

आता इथं काय चालतं, ते तुला कळलंच असेल. ओढ्यापलीकडे, शिवेच्या धोंड्याच्या अगदी चार पावलं पुढे भाऊसोनं पत्र्याची शेड टाकली आहे. सगळ्या गावाचं दूध तिथं जातं. तिथून गाडी नेते. जाताना प्रत्येक जण धोंड्यावर ओंजळभर दूध शिंपडतो, देवाचा वाटा म्हणून. विचारलं तर सांगतात, ‘आमी कुठं इकतोय? शिवेच्या भाईर तर घालतोय.’ आपल्याही घरातून दोन कॅन जातात. ओसरीवर तांबे येणं केव्हाच बंद झालं. परवा कृष्णातच्या सुनेनं बाळासाठी पावशेर दूध मागितलं, तर तिला भाऊसोच्या शेडवर पाठवलं कुणीतरी.

आणि हे सगळं देवाला विचारून केलेलं आहे. शेड टाकायच्या आधी तात्याबा गुरवानं कौल लावला होता. भैरोबाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पहिल्यांदा डावी पडली. पाटलांनी, म्हणजे ह्यांनी, सांगितलं, प्रश्न नीट घाल. दुसऱ्यांदा डावी. तिसऱ्यांदा उजवी पडली आणि घंटा वाजवून सगळे घरी आले.

या वेळी तुझ्याबद्दलही तसंच झालं. ‘अंजना आली तर कोप उतरंल का?’ डावी. पुन्हा डावी. तिसऱ्यांदा उजवी. मी बायकांच्या बाजूला उभी राहून बघत होते.

हे सगळं वाचून तू म्हणशील, मग मला बोलावता कशाला? अंजू, त्याचंही कारण आहे. सरकारी दवाखान्यातली डॉक्टर रोज येते. अर्फा नाव तिचं, तुमच्या तासगावचीच आहे. लस घेऊन येते आणि ओढ्यावरूनच परत जाते. तात्याबानं सांगितलंय, देवाचा अपराधी शरण आल्याशिवाय गावातल्या जनावराला सुई लागता कामा नये, नाहीतर कोप वाढेल. मनुबाईनं तिला तोंडावर सांगितलं, ‘बाई, देवाचा कोप सुईनं उतरत न्हाई.’ ती पोरगी हसली. म्हणाली, ‘मावशी, देवाच्या मधे मी पडतच नाही. माझं भांडण माशीशी आहे.’ पण कुणी तिला आत घेतलं नाही.

म्हणजे तू येईपर्यंत लस नाही. आणि जी जनावरं अजून धड आहेत, ती रोज एकेक करून पडतायत. तू येऊन गवत धरलंस तर त्याच दिवशी सगळ्या दावणींना सुई लागेल. तू नाही आलीस तर तुझा काही दोष नाही. मी हे दोन्ही लिहिलंय. पुढे काय लिहावं, सुचत नाही.

तुझी आक्का


बोरजाईवाडी
२२ सप्टेंबर

अंजू,

तुझं कार्ड आज दुपारी मिळालं. ‘येते. जनावरांनी काय केलंय? गवत धरीन. घटस्थापनेला पहिल्या गाडीनं शिवेवर उतरेन. कुणी न्यायला यायचं नाही.’

येऊ नकोस.

कार्ड ह्यांच्या हाती आधी पडलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि सोप्यात बसलेली माणसं हायसं वाटून हसली. कुणीतरी म्हणालं, बघा, तिलाबी मान्य हाय. भाऊसोनं लगेच डेअरीच्या माणसाला फोन लावला, की आजारामुळे थांबवलेली गाडी पुढच्या आठवड्यापासून पुन्हा पाठवा. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मी तो तसाच घेऊन आत आले.

तुला आठवतं, तू नवी होतीस तेव्हा मला शाळेतल्या गोष्टी सांगायला लावायचीस. सिस्टर ॲग्नेसची ती गोष्ट तुला आवडायची नाही. एक प्रजा होती, देवानं तिला संकटातून सोडवलं, तिनं शब्द दिला आणि पिढ्यान्‌पिढ्या तो मोडत राहिली. देव एकामागून एक सांगावे पाठवत राहिला. लोक सांगावा आणणाऱ्यालाच दगड मारत राहिले. शेवटी त्यांच्या शहराच्या भिंती पडल्या. तू म्हणायचीस, ‘आक्का, तुमचा देव लय रागीट.’ मीही वर्गात तेच विचारलं होतं. सिस्टरनं सांगितलं होतं, रागावला म्हणून भिऊ नका, ज्या दिवशी त्यानं उत्तर देणं सोडलं त्या दिवशी भ्या. मला तेव्हा ते काही कळलं नव्हतं.

मला देवाची भीती वाटते, अंजू. खोटं कशाला सांगू. लम्पी माशीनं येतो हे मला कळतं, अर्फा सांगते ते पटतं. तरी रात्री गोठ्यातून हरणीचं कण्हणं ऐकू आलं की वाटतं, हे आमच्यासाठीच आहे. आम्ही शब्द मोडला, तो मोडायला देवाकडूनच हो वदवून घेतलं, आणि आता शिक्षा भोगायला दुसरीला बोलावतोय. तिनं गवत धरलं की आम्ही पुन्हा कॅन घेऊन ओढा ओलांडणार. याहून मोठं पाप कुठलं?

फोन तू उचलत नाहीस. आज सकाळपासून चारदा लावला. हे पत्र मी स्वतः आटपाडीला जाऊन टाकते, म्हणजे लवकर पोहोचेल. घटस्थापनेला येऊ नकोस. तुला भेटायची मला किती ओढ आहे ते तुला ठाऊक आहे, आणि तरी सांगते. तुला तशी चालताना बघायला मी उभी राहू शकणार नाही.

लसीचं काय करायचं ते मी बघते. कसं, ते अजून ठरलेलं नाही.

आक्का


बोरजाईवाडी
२८ सप्टेंबर

प्रिय अंजू,

माझं मागचं पत्र तुला मिळालं की नाही, मला माहीत नाही. मिळूनही तू आलीस, की न मिळाल्यामुळे आलीस, हे सतत मनात येतं. तू सोमवारी जे पाहिलंस त्याचा अर्थ तू काय लावलास, त्या विचारानं मला दोन दिवस घास गिळवत नाही. म्हणून झालं ते सांगते, सुरुवातीपासून.

रविवारी सर्वपित्री अमावास्या होती. गाव देवळात होतं. मी तात्याबाला म्हटलं, माझा एक प्रश्न घाला. बायका कौल मागत नाहीत, तुला ठाऊकच आहे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ह्यांनी डोळ्यांनी ‘गप्प बस’ सांगितलं. पण तात्याबा म्हणाला, वैनीसाब, इचारा. मी म्हटलं, देवाला विचारा, शब्द मोडणारं माणूस शिवेच्या आत आहे की बाहेर? आत असेल तर उजवी दे.

तात्याबानं पाकळ्या लावल्या, प्रश्न घातला आणि बाजूला झाला.

पाकळ्या पडल्या नाहीत.

ना उजवी, ना डावी. आम्ही बसून राहिलो. पोरं कंटाळून बाहेर गेली. पाकळ्या सुकायला लागल्या, कडा वळल्या, तरी तशाच चिकटून. कधी असं झालेलं कुणाला आठवत नव्हतं. तेव्हा मला सिस्टरचं ते बोलणं कळलं. ह्यांनी घसा खाकरला. म्हणाले, तात्याबा, पुन्हा लाव, प्रश्न सरळ नव्हता.

तात्याबा गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसला. म्हणाला, ‘पाटील, आता न्हाई लावत. आजवर तुमी म्हणलं तवा तीन-तीनदा इचारलं. देवाचं नगं असलेलं मी व्हय करून आणलं. आता त्येनं बोलायचंच सोडलं. मी कुणाच्या तोंडानं इचारू?’

माणसं एकेक करून उठून गेली. मला वाटलं, आता तरी तुझं नाव सोडतील. पण संध्याकाळी सोप्यात पुन्हा तेच ठरलं, की कौल लागला नाही तरी अंजना येतेय तर येऊ दे, झालं तर बरंच होईल. हरणी त्याच संध्याकाळी गेली. मी तिच्या डोक्याशी बसले होते.

सोमवारी पहाटे आपल्या घरचे दोन्ही कॅन भरून दारात ठेवलेले होते, भाऊसोकडे न्यायला. मी एक उचलला. हे म्हणाले, कुठं? मी म्हटलं, शिवेवर. ते म्हणाले, खाली ठेव. मी ठेवला नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्यांचा तोंडी शब्द पहिल्यांदा मोडला, आणि तेही पटकन, विचार न करता, म्हणून जमलं असावं.

रस्त्यात मनुबाई अंगण झाडत होती. कुठं चालल्या म्हणून तिनं विचारलं. मी सांगितलं, अंजूच्या आधी मी गवत धरणार आहे. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘बरं हाय. तेवढीच पाटलांच्या कानाला सुट्टी.’ मग झाडू टाकून आत गेली आणि आपली किटली घेऊन माझ्या मागे आली. कृष्णातची सून आली. आणखी दोघी-तिघी आल्या. बाप्या माणसांतलं कुणीही नाही.

धोंड्यावर मी ओंजळ नाही, सगळा कॅन ओतला. दूध ओढ्यापर्यंत वाहत गेलं. भाऊसो शेडच्या दारात उभा राहून बघत होता. मी बांधावरचं गवत उपटलं, तोंडात धरलं, चपला काढल्या आणि मान खाली घालून देवळाकडे निघाले. मागे बायका.

तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. गाडी थांबली, कुणी उतरलं. मला मान वर करायची नव्हती. पण माझ्या नजरेच्या कडेला रस्त्यालगत दोन पाय आले. डाव्या पायाचा अंगठा चेपलेला, गौरीनं तुडवलेला. अंजू, मी तुला तिथंच ओळखलं.

तोंडात गवत असताना बोलायचं नसतं. मान वर करायची नसते, थांबायचंही नसतं. मधे बोललं तर सगळं वाया, अशी रीत. मी तुझ्यासमोरून चालत गेले. इतक्या जवळून, की तुझ्या लुगड्याचा काठ दिसला, निळा. मी थांबले नाही. माझ्या मनात काय चाललं होतं ते मला लिहिता येत नाही. देवळाच्या पायरीवर डोकं टेकलं, गवत काढलं आणि पहिल्यांदा तुझं नाव घेतलं. मग या वयात जेवढं पळता येतं तेवढी पळत शिवेवर आले. तीच गाडी वरच्या वस्तीवरून वळून परत गेली होती. मनुबाई धापा टाकत मागून आली. म्हणाली, ‘व्हती की. हातात गवताची जुडी व्हती तिच्या. तुमी गेल्यावर तिनं ती ओढ्यात टाकली आन् आल्या गाडीनं माघारी गेली.’

तुला काय वाटलं असेल? माझ्याऐवजी आक्काच मिरवायला निघाली, असं? की पुन्हा समोरून गेली आणि ओळख दाखवली नाही, असं? मी रोज यातलं एकेक घेऊन बसते. तू जुडी रागानं टाकलीस की सुटल्यासारखी, हे मनुबाईला विचारलं. ती म्हणाली, पाठीमागनं काय कळतंय.

पुढचंही सांगते, म्हणजे तुला सगळं कळेल. त्या दिवशी दुपारी आम्ही बायकांनी आमची-आमची जनावरं सोडून ओढ्यावर नेली आणि अर्फाकडून लस टोचून घेतली. धार आम्ही काढतो, तर दावंही आम्हीच सोडू शकतो, एवढं साधं होतं ते. संध्याकाळपर्यंत पुरुषही आपापली जनावरं घेऊन आले, बळंच कुणी आणायला लावल्यासारखी तोंडं करून. अर्फानं कुणालाही काही ऐकवलं नाही. गाठी आलेल्यांचं काही सांगता येत नाही म्हणाली, धड आहेत ती बहुतेक वाचतील.

देवानं माफ केलं का, ते मला माहीत नाही. भाऊसोची गाडी आज सकाळी पुन्हा आली. लोक म्हणतात, आता कोप उतरला. ओंजळभर दूध शिंपडून कॅन पुढे गेले. आपल्या घरचे गेले नाहीत. मी ओसरीवर तांबे मांडले आहेत. आज एकच घरचं आलं, कृष्णातच्या नातवासाठी. हे माझ्याशी बोलत नाहीत, माझ्या हातचा चहा घेत नाहीत, पण तांबे त्यांनी उचलून ठेवले नाहीत. तात्याबा रोज पूजा करतो, पण कौलाच्या पाकळ्यांची ताटली त्यानं उलटी घालून ठेवली आहे. माणसं देवळात येतात, ताटलीकडे बघतात आणि काही न विचारता जातात. मला वाटतं न्याय अजून चालूच आहे. भिंती एकदम पडत नाहीत.

मी शुक्रवारी तासगावला येते. हे पत्र आधी पोहोचेल की मी, सांगता येत नाही. तुझ्या बेदाण्याच्या शेडचा पत्ता कृष्णातनं दिलाय. तुला नको असेल तर दार उघडू नकोस. मी बाहेर बसेन आणि बाहेरूनच बोलेन, कुणी हसलं तर हसू दे. सोमवारी मी गप्प होते ते तोंडात गवत होतं म्हणून. पण अंजू, त्याच्या आधी इतकी वर्षं गप्प होते, तेव्हा तोंडात काहीच नव्हतं.

तुझी आक्का,
संयोगिता